दगडावरची मोकळी ओळ

केझाया रिमर ही काही चांगली बाई नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण तिला पुरताना पाद्रीबाबा जे काही बोलले ते ऐकून मला पेटीचं झाकण उघडून आत खरंच तीच आहे ना, हे बघावंसं वाटलं होतं. सौम्य म्हणे! क्षमाशील म्हणे! लिव्हरपूलला लागून असलेल्या आमच्या बूटलच्या बाजारातल्या एका कोळणीनं तिच्या गळ्यात एकदा शिळा मासा मारला, तर ती कोळीण मरेपर्यंत केझाया तिच्या पाटीसमोरून गेली नाही, रस्ता ओलांडून पलीकडून जायची. कोळीण मेली तेव्हा मात्र दफनाला आवर्जून गेली. "खात्री करायला," म्हणाली.

मला ती फार आवडायची.

आम्ही दोघी बोटीवरच्या स्टुअर्डेस, लिव्हरपूल ते न्यूयॉर्क आणि परत, पहिल्या वर्गाच्या बायकांच्या दिमतीला. हवा शांत असली की त्यांच्या कंबरा आवळून बांधायच्या आणि हवा बिघडली की त्यांच्या तोंडाखाली तसराळं धरायचं, एवढंच काम. आमच्या कंपनीची रीत अशी, की नवरा कंपनीच्या बोटीवर मेला तर विधवेला बोटीवर काम मिळायचं. कंपनी याला दया म्हणायची. माझा नवरा डेकवरून वाहून गेला, म्हणून मी आले. केझायाचा जोब भट्टीत कोळसा टाकायचा. वाफेची नळी फुटून गेला. पण ती लगेच आली नाही. "ज्यांनी माझ्या नवऱ्याला उकडून मारलं, त्यांच्या बायकांचे बंद मी बांधू?" असं म्हणून ती किनाऱ्यावरच, बोटीच्या चादरी धुण्याच्या कारखान्यात राहिली. ती समुद्रावर आली ती जोबमुळे नाही, टेमरमुळे.

टेमर हालसॉल ही तिची धाकटी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा केझायानंच तिला न्हाऊमाखू घातलं, वेण्या घालायला शिकवलं. केस करण्यात टेमरचा हात इतका बसला की चेशर परगण्यातल्या एका गिरणीमालकाच्या बायकोनं, मिसेस बेलिंगरनं, तिला आपली खास दासी म्हणून ठेवून घेतलं. खास दासी म्हणजे नोकरांतली राणीच. मालकिणीबरोबर टेमर अमेरिकेला निघाली तेव्हा केझाया धक्क्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "ती बघा, पहिल्या वर्गात चढतेय ती, ती आमची टेमर."

परत येताना टेमर तिसऱ्या वर्गात होती.

न्यूयॉर्कच्या हॉटेलात तिला खोकला लागला. खोकणारी दासी कुणाला हवी असते? मिसेस बेलिंगरनं तिथल्या तिथे दुसरी नेमली आणि टेमरला त्याच बोटीचं खालचं तिकीट देऊन मोकळी झाली. नोव्हेंबरचा अटलांटिक, लोखंडी भिंतींना सुटलेला पाझर, आणि त्या भिंतीला लागून टेमरची खाट. तिला श्वास पुरेना, तेव्हा खालच्या मेट्रननं वर निरोप पाठवला: टेमर हालसॉल नावाची मुलगी फार आजारी आहे, आपली दासी होते असं म्हणते, आपण हो म्हणालात तर वर दासींच्या केबिनमध्ये एक खाट रिकामी आहे, तिथे तिला हलवू.

त्या बोटीवर मी होते. निरोप्या डेकवर मिसेस बेलिंगरच्या खुर्चीपाशी उभा, आणि त्याच्या मागे मी, सूपचा ट्रे घेऊन. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी या मुलीला ओळखत नाही." आणि हात पुढे केला, सूपसाठी.

टेमर दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. पहिल्या वर्गातलं माणूस मेलं तर शिशाच्या पेटीत घालून घरी आणतात. खालच्या माणसाला कॅनव्हासमध्ये शिवतात आणि वरची मंडळी न्याहारीला बसली की मागच्या बाजूनं सोडून देतात. इंजिनसुद्धा थांबवत नाहीत, कारण कपातला चहा हलायचा थांबला तर मंडळी विचारतात, काय झालं म्हणून.

टेमरची पत्र्याची पेटी घेऊन मीच केझायाकडे गेले. ती बटाटे सोलत होती. ऐकता ऐकता तिचा चाकू थांबला, पण ती रडली नाही.

"ती काय म्हणाली, लेटी? नेमके शब्द सांग."

मी सांगितले.

"पुन्हा सांग."

पुन्हा सांगितले. तिनं ते ओठातल्या ओठात म्हणून बघितले आणि उरलेले बटाटे सोलून टाकले. पुढच्या सोमवारी ती कंपनीच्या कचेरीत जाऊन उभी राहिली. "माझा नवरा तुमच्या बोटीवर मेलाय, मला काम द्या."

त्यानंतर तिनं डूख धरला तो किती वर्षं! श्रीमंत माणसं अटलांटिक एकदा ओलांडून थांबत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आज ना उद्या बाई आमच्या बोटीवर येणारच. तोवर केझाया जागची हलली नाही. कंपनीनं तिला किनाऱ्यावर मुकादमीण व्हायला सांगितलं, नको म्हणाली. बोटीचा भटारी इलायस गॉर्स्ट दर फेरीला तिच्यासाठी शहाजिरं घातलेला केक करायचा. भला माणूस, पण बोलायला लागला की कान लाल व्हायचे.

"मी चेस्टरला दुकान टाकतोय, केझाया. चल माझ्याबरोबर."

"मला बोट सोडता यायची नाही, इलायस."

"अगं, या बोटीत असं आहे तरी काय?"

"अजून काही नाही," केझाया म्हणाली.

आणि मग एका मार्चमध्ये मिसेस बेलिंगर आमच्या बोटीची, 'मोरवेनिया'ची, शिडी चढली. केसांत पांढरं आलं होतं, हनुवटी एकाची दोन झाली होती, पण चाल तीच, जमिनीवर उपकार केल्यासारखी. तिची केबिन माझ्या वाट्याला आलेली. केझायानं माझ्या हातून टॉवेल काढून घेतले.

"ही माझी."

"केझाया, भलतंसलतं काही करू नकोस हं. फासावर जाशील."

"विष घालीन असं वाटतंय तुला?" ती हसली. "विषानं माणूस मरतं, लेटी. मेल्यावर त्याला काय कळणार?"

"मग हवंय तरी काय तुला?"

"तिनं म्हणायला हवं, की ओळखत होते. माझ्या तोंडावर, टेमरचं नाव घेऊन म्हणायला हवं. एवढंच हवंय."

तरीही झोपेच्या औषधाची बाटली मी उचलून माझ्या ट्रंकेत टाकली. केझायाचा भरवसा नव्हता.

आणि काय सांगू, तिनं अशी सेवा केली त्या बाईची! पाय चेपले, उशा फुगवल्या, केस विंचरले. टेमरचेच हिरवट डोळे केझायाला होते, आणि ते आरशात बाईच्या डोक्यामागे रोज दिसत होते. बाईनं एकदाही वर बघितलं नाही. दासी होती बरोबर, पार्कर नावाची, पण ती किनारा दिसेनासा होताच जी आडवी झाली ती झालीच.

तेव्हा वरच्या बायकांत एक टूम निघाली होती. तिसऱ्या वर्गात जाऊन गरिबी बघून यायची, आणि मग घरी मेजवान्यांत डोळे पुसत सांगायची. रोगराईच्या भीतीनं कंपनीनं ते बंद केलं, तशी टूम आणखीच वाढली. केझायानं ब्रश फिरवता फिरवता सहज विषय काढला.

"मागच्या फेरीला एक काउंटेस बाई गेल्या होत्या खाली, बाईसाहेब. साधी शाल पांघरून. कुणी ओळखलंसुद्धा नाही."

"खरंच? घाण नव्हती?"

"होती ना. म्हणून तर लंडनला सगळे त्यांनाच बोलवत होते म्हणे, ऐकायला."

मिसेस बेलिंगर म्हणाली, "तुझ्याकडे आहे का एखादी शाल?"

होती. टेमरच्या पत्र्याच्या पेटीतली, तपकिरी चौकड्यांची, एक कोपरा केझायानं स्वतः हिरव्या लोकरीनं रफू केलेला. ती शाल केझाया दर फेरीला बरोबर घेऊन यायची, आणि मला वाटायचं की बहिणीची आठवण म्हणून आणते.

दिवसही तिनंच निवडला. सुकाणूवाल्यानं सकाळी सांगितलं होतं की संध्याकाळच्या आत वादळ झोडपणार, सगळी दारं लावून घ्यावी लागणार. दुपारची जेवणं झाल्यावर केझायानं बाईला आमच्या कामाच्या गल्लीतून खाली नेऊन सोडलं. "चहाच्या आधी न्यायला येते, बाईसाहेब." आणि वर येऊन केबिनच्या दारावर पाटी लावली: प्रकृती बरी नाही, त्रास देऊ नये.

चहाच्या आधीच बोट आडवी-तिडवी व्हायला लागली आणि वर्गांमधली जाळीची दारं बंद झाली. थोड्या वेळानं खालच्या दारावरून केझायाला बोलावणं आलं. सेप्टिमस टॅटलॉक तिथे पहाऱ्याला होता. मीही गेले, मला राहवणार होतं थोडंच?

जाळीच्या पलीकडे मिसेस बेलिंगर. केस सुटलेले, शाल कुणाच्यातरी ओकारीत भिजलेली, दोन्ही हातांनी गज धरलेले.

"ये गं ये, केझाया," सेप म्हणाला. "ही बाई म्हणते, मी पहिल्या वर्गातली मिसेस बेलिंगर. मघाशी एक सांगत होती, मी पोर्तुगालच्या राजाची मेहुणी. आता तू बघ बाई, ओळखतेस का हिला?"

"तू! अगं ए, स्टुअर्डेस!" मिसेस बेलिंगर ओरडली. तिला केझायाचंही नाव माहीत नव्हतं. "सांग या गाढवाला! दार उघडायला सांग!"

"जरा थांब, सेप," केझाया म्हणाली आणि अगदी जाळीला नाक लावून उभी राहिली. तिचा आवाज हळू होता, पण मी शेजारीच होते. "ही शाल कुणाची आहे, बाईसाहेब?"

"शाल? तूच तर दिलीस!"

"माझ्या बहिणीची. तुमच्याकडे खास दासी होती. खोकला झाला म्हणून तुम्ही तिला अशाच दारामागे टाकलंत. ती मरायला टेकली तेव्हा तुम्हाला विचारायला माणूस आला. तुम्ही म्हणालात, ओळखत नाही. आता तिचं नाव सांगा. मी दार उघडायला लावते."

बोट एका बाजूला कलली. मागे पोरं रडत होती. मग मिसेस बेलिंगरला एकदम आठवलं; आठवल्याचा आनंदसुद्धा दिसला चेहऱ्यावर.

"पार्कर!"

"नाव विचारतेय मी तिचं."

"पार्करच! देवाशपथ पार्कर! खोकायची ती पार्कर, केस फार सुंदर करायची!"

"पार्कर तर तुमची आत्ताची आहे. वर निजलीये ती."

"हो, तीही पार्करच! अगं, माझ्याकडे सगळ्या पार्करच असतात. पहिली होती तिचं नाव पार्कर होतं. दर वेळी नवीन नाव कोण लक्षात ठेवणार? आमच्यात सगळ्यांकडे असंच असतं!"

टेमरनं हे घरी कधी सांगितलं नव्हतं. लाज वाटली असणार पोरीला. बहीण धक्क्यावर उभी राहून तिचं नाव सगळ्यांना सांगत होती ना!

केझाया म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी तुम्ही खोटं बोलला नव्हतात."

"नाही! मुळीच नाही!" मिसेस बेलिंगरच्या जिवात जीव आला. "ते जे काही नाव सांगितलं ते मी कधी ऐकलंच नव्हतं!"

"खोटं बोलला असतात तर बरं झालं असतं. खोटं बोलायला माणूस ओळखीचं असावं लागतं." केझाया मागे सरली आणि सेपला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी या बाईला ओळखत नाही."

"झालं तर!" सेप म्हणाला. "चला बाई, मागे व्हा. राजाची मेहुणी शोधा, तिच्याशी गप्पा मारा."

आम्ही जिना चढून वर येईपर्यंत तिची किंकाळी ऐकू येत होती. केझायानं मागे वळून बघितलं नाही. मीही नाही, आणि मला त्याचं आजतागायत काही वाटलेलं नाही.

वादळ दोन दिवस चाललं. वादळात पहिल्या वर्गाच्या बायका बिळातल्या उंदरांसारख्या दिसेनाशा होतात, त्यामुळे कुणी चौकशी केली नाही. मिसेस बेलिंगरसाठी येणारं सूप आम्ही दोघी तिच्याच पलंगावर बसून प्यायचो. पार्करला खरं काय ते सांगितलं. तिनं उशीतून डोकं वर काढलं. "दोन दिवस घंटी वाजणार नाही?" म्हणाली, आणि पांघरूण ओढून घेतलं. तिचं खरं नाव विचारलं तर डल्सी मॉस. किती दिवसांनी कुणी विचारलं म्हणून रडली थोडी.

हवा निवळली तेव्हा केझाया स्वतः जाऊन बाईला मागच्या गल्लीतून वर घेऊन आली. तक्रार करायची सोयच नव्हती. तिसऱ्या वर्गात राहिलेल्या माणसाला न्यूयॉर्कला थेट उतरू देत नाहीत. आधी तपासणीच्या बेटावर नेतात, डोळ्यांच्या पापण्या उलटवतात, डोक्यात उवा बघतात. उवा होत्याच. केझायानं फणीनं त्या काढल्या, एक शब्द न बोलता, केस ओढले जातील याची पूर्ण काळजी घेऊन.

शेवटच्या दिवशी मी चादरी न्यायला गेले तेव्हा मिसेस बेलिंगर पलंगाच्या कडेवर बसली होती. घसा बसलेला.

"खाली सगळ्या बायका मला नाव विचारायच्या," ती म्हणाली. "मी सांगायचे आणि त्या हसायच्या. एक फिनलंडची बाई माझं डोकं धरून बसली होती दोन दिवस. तीसुद्धा हसायची." मग तिनं केझायाकडे, पहिल्यांदाच, नीट बघितलं. "काय नाव होतं तिचं?"

मला वाटलं, झालं, केझायाला हवं होतं ते मिळालं. केझाया शालीची घडी घालत होती. हिरवी लोकर वर येईल अशी तिनं ती घातली.

"नाही सांगणार."

"अगं, मी आमच्या चर्चमध्ये संगमरवरी पाटी लावीन तिच्या नावाची!"

"म्हणूनच नाही सांगणार. फुकट मिळत होतं तेव्हा घेतलं नाहीत. आता मरेपर्यंत शोधा."

मग केझायानं बोट सोडली. इलायसनं तोवर चेस्टरच्या एका विधवेशी लग्न लावलं होतं. केझायानं त्याला लग्नाला टेबलाची चादर पाठवली आणि त्या विधवेशी कधी बोलली नाही.

मिसेस बेलिंगर शोधत राहिली. कंपनीच्या कचेरीत विचारायचं तर आपण काय केलं तेही सांगावं लागणार. तेवढी छाती नव्हती. म्हणून बोटीवरचे बहुतेक लोक राहतात त्या बूटलला माणसं पाठवली. केझायानं आधीच घरोघरी जाऊन बजावून ठेवलं होतं. आमच्या गल्लीत त्या माणसांना कुणी घोटभर पाणीसुद्धा विचारलं नाही. मग एकदा ती स्वतः आली आणि दफनभूमीत दगड वाचत हिंडली. हालसॉलांचा दगड तिथेच आहे. आईबाप आहेत त्यावर, आणि त्यांच्याखाली एक ओळ टेमरसाठी मोकळी सोडलेली. तिथे प्रेत नाही, पण नाव तरी असावं म्हणून केझाया कारागिराशी बोलूनही आली होती. बाई दगड वाचत हिंडल्याचं कळलं त्याच दिवशी जाऊन तिनं ते काम रद्द केलं.

"केझाया, आता बास कर," मी म्हटलं. "पोरीला दगडावर तरी येऊ दे."

"त्या बाईला वाचायला मिळेल," ती म्हणाली. त्या रात्री मात्र ती रडली. मी तिला रडताना तेव्हाच पाहिलं, त्याआधी नाही आणि नंतर नाही.

गेल्या फेब्रुवारीत केझाया गेली. पाद्रीबाबांचं क्षमापुराण आटोपलं, लोक पांगले, आणि फाटकापाशी मोटारीतून एक म्हातारी उतरली. दोन काठ्या घेऊन ती माझ्याकडे आली. मिसेस बेलिंगर. मान लटपटत होती.

"तुला माहीत असेल," ती म्हणाली. "तू असायचीस तिच्याबरोबर. नाव सांग गं त्या मुलीचं. मला आता फार दिवस नाहीत."

तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, आणि ते खरं होतं. मला ते दिसत होतं. मला ट्रेवरचं सूपही दिसत होतं.

"मी त्या मुलीला ओळखत नाही, बाईसाहेब," मी म्हटलं, आणि मोटारीपर्यंत तिला हात देऊन सोडून आले, कारण वाट निसरडी होती.

ती अजून आहे. माझाही दम आताशा जिन्यात लागतो, पण तिच्याआधी मी जाणार नाही. रोज सकाळी चहाच्याही आधी मी वर्तमानपत्रातली मयतांची नावं वाचते. दगडवाल्याला सांगून ठेवलंय, पैसेही देऊन ठेवलेत. ज्या दिवशी तिचं नाव छापून येईल, त्याच दिवशी दुपारी त्यानं छिन्नी घेऊन यायचं आणि त्या मोकळ्या ओळीत कोरायचं: टेमर हालसॉल.